एकमताने मंजूर झालेले एक वाक्य : युगोस्लाव्हियाविषयीचा १९५१ चा अंदाज

पुराव्यावरून निष्कर्ष मांडताना इंग्रजी भाषक काही ठरावीक शब्दप्रयोगांचा आधार घेतात. या शब्दप्रयोगांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात एक, वाचणाऱ्याच्या मनात दुसरा आणि त्याच मसुद्याला संमती देणाऱ्या सहकाऱ्याच्या मनात तिसराच असू शकतो. याचे एक फार नीट नोंदले गेलेले उदाहरण मार्च १९५१ मधले आहे. ज्यांच्या हातून ते घडले, त्या शर्मन केंट यांनीच पुढे १९६४ मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तवार्ता संस्थेच्या अंतर्गत अभ्यासपत्रिकेत ते प्रांजळपणे लिहून ठेवले, म्हणून आज त्याचा अभ्यास करता येतो. सरकारी दप्तरात अशी प्रकरणे सहसा टिकत नाहीत, कारण शब्दाचा अर्थ दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लावला गेला आहे, हे बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातच येत नाही.

२० मार्च १९५१ रोजी अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेने २९-५१ या क्रमांकाचा राष्ट्रीय अंदाज-अहवाल वरिष्ठांकडे पाठवला. त्या वर्षात युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याचा संभव कितपत आहे, हा त्याचा विषय होता. त्याच्या निष्कर्षातले कळीचे वाक्य मराठीत असे सांगता येईल : क्रेमलिन कोणता मार्ग पत्करील हे ठरवणे अशक्य असले, तरी अंकित राष्ट्रांच्या लष्करी आणि प्रचारविषयक तयारीची व्याप्ती असे दर्शवते की १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होणे ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानली पाहिजे, असे आम्हांला वाटते. शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम इंग्रजीतलेच ठेवले आहेत. पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला, आणि त्यांना मराठी प्रतिशब्द द्यायचा तर त्या घोळातली एक बाजू आधीच निवडावी लागते.

हा प्रश्न तेव्हा केवळ कागदावरचा नव्हता. स्टालिनशी बिनसल्यामुळे टिटोंच्या युगोस्लाव्हियाला २८ जून १९४८ रोजी कॉमिन्फॉर्म या साम्यवादी पक्षांच्या संघटनेतून काढून टाकण्यात आले होते. त्यानंतर हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया आणि अल्बानिया या शेजाऱ्यांकडून सीमेवर सतत कुरबुरी सुरू होत्या आणि टिटोंच्या विरोधात प्रचाराचा भडिमार चालू होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तहांनी हंगेरी, रुमानिया आणि बल्गेरिया यांच्या सैन्यावर घातलेली मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. त्यात जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. साम्यवादी गट उघड आक्रमणाचा मार्ग धरू शकतो, हे अमेरिकी धोरणकर्त्यांनी त्यातून नुकतेच अनुभवले होते. टिटोंना धान्य द्यायचे, शस्त्रे द्यायची की हात राखून राहायचे, या निर्णयांची मुदत जवळ येत होती आणि त्यासाठी हल्ल्याचा संभव किती, हे कळणे आवश्यक होते.

अहवाल तयार करणारे कार्यालयही कोरियाच्या धक्क्यातूनच जन्माला आले होते. सीआयएचे नवे संचालक वॉल्टर बेडेल स्मिथ यांनी १९५० च्या अखेरीस राष्ट्रीय अंदाजांसाठी स्वतंत्र कार्यालय उभारले आणि हार्वर्डचे इतिहासकार विल्यम लँगर यांना त्याचे प्रमुख नेमले. येल विद्यापीठात इतिहास शिकवणारे शर्मन केंट त्यांचे उपप्रमुख झाले. पुढे १९५२ पासून १९६७ च्या अखेरपर्यंत ते स्वतःच या कार्यालयाचे प्रमुख होते. अनुभवी सदस्यांचे एक मंडळ मसुद्यातला शब्द न् शब्द तपासत असे. त्यानंतर परराष्ट्र खाते, भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या गुप्तवार्ता विभागांचे प्रतिनिधी त्यावर पुन्हा चर्चा करत आणि सर्वांची संमती मिळाल्यावरच अहवाल बाहेर पडे. थोडक्यात, वर दिलेले वाक्य कोणी घाईघाईत लिहिलेले नव्हते. शब्दांची पारख असलेल्या, कागदपत्रांवरून निष्कर्ष काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांनी ते घासूनपुसून सिद्ध केले होते.

अहवाल गेल्यानंतर काही दिवसांनी केंट यांची परराष्ट्र खात्याच्या धोरण-नियोजन विभागाच्या प्रमुखांशी सहज गाठ पडली. बोलता बोलता विषय युगोस्लाव्हियावर आला, आणि त्या गृहस्थांनी विचारले की ‘सीरियस पॉसिबिलिटी’ म्हणताना तुम्हा लोकांच्या मनात प्रमाण काय होते? केंट म्हणाले की त्यांचे वैयक्तिक मत जरा निराशेकडे झुकणारे आहे. हल्ला होण्याच्या बाजूने साधारण ६५ विरुद्ध ३५ असे ते म्हणतील. समोरचे गृहस्थ दचकले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शब्दांवरून यापेक्षा कितीतरी कमी संभव गृहीत धरला होता.

इथवर प्रकरण लेखक आणि वाचक यांच्यातल्या गैरसमजाचे आहे. खरे महत्त्व त्यापुढच्या पायरीला आहे. अस्वस्थ झालेल्या केंट यांनी आपल्याच मंडळातल्या सदस्यांना एकेकट्याने विचारले की या शब्दांना संमती देताना तुमच्या मनात प्रमाण काय होते. प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. सर्वांत कमी सांगणाऱ्याच्या मनात २० विरुद्ध ८० होते, सर्वांत जास्त सांगणाऱ्याच्या मनात ८० विरुद्ध २०, आणि उरलेले सगळे या दोहोंच्या मधे कुठेतरी होते. एकाच टेबलाभोवती बसून, तोच पुरावा पाहून, त्याच वाक्याला मान्यता देणाऱ्यांपैकी एकाला हल्ला बहुधा होणार नाही असे वाटत होते आणि दुसऱ्याला तो बहुधा होणारच असे वाटत होते. तरीही वाक्यावर मतभेदाची एकही तळटीप नव्हती.

या प्रकरणाचा उल्लेख होतो तेव्हा बहुधा एवढेच सांगितले जाते की शब्द संदिग्ध होते, आकडे असते तर बरे झाले असते. मला हे निदान अपुरे वाटते. शब्द संदिग्ध होते हे खरेच. पण नेमके तेच शब्द का निवडले गेले आणि कोणालाच ते का खटकले नाहीत, हे पाहिल्याशिवाय प्रकरण पुरते उलगडत नाही. त्यासाठी त्या वाक्याची बांधणी पाहावी लागते.

वाक्यात पाच जोड आहेत. ‘ठरवणे अशक्य’ हा पहिला. क्रेमलिनच्या मनात काय आहे ते आम्हांला माहीत नाही, ही कबुली तो देतो. ‘आम्हांला वाटते’ हा दुसरा. इंग्रजीत ‘वुई बिलीव्ह’ म्हणताना व्यावसायिक लेखक केवळ मनातली भावना सांगत नसतो; आपल्या पदाचे वजन मागे लावून तो एक मत देत असतो. ‘दर्शवते’, म्हणजे ‘इंडिकेट्स’, हा तिसरा जोड निष्कर्षाची जबाबदारी लेखकाकडून काढून पुराव्यावर टाकतो, जणू तयारी स्वतःच बोलते आहे. ‘मानली पाहिजे’ हा चौथा जोड ती जबाबदारी आणखी पुढे, वाचकाच्या दारात नेऊन ठेवतो. आणि पाचवा जोड म्हणजे ‘सीरियस पॉसिबिलिटी’.

इंग्रजीत ‘पॉसिबिलिटी’ या नामाला प्रमाण नसते. एखादी गोष्ट घडू शकते एवढेच ते सांगते. हजारांत एकदा घडणारी गोष्टही शक्य असते आणि हजारांत नऊशे वेळा घडणारीही. त्याच्या आधी लागलेले ‘सीरियस’ हे विशेषण दोन कामे करू शकते. घडण्याचा संभव बराच आहे असे ते सांगू शकते, किंवा संभव कितीही असो, घडले तर परिणाम गंभीर होतील, म्हणून दुर्लक्ष करू नका, असेही सांगू शकते. ज्याच्या मनात २० होते त्याने ते दुसऱ्या अर्थाने घेतले असेल, तर त्याची संमती पूर्ण प्रामाणिक होती. ज्याच्या मनात ८० होते त्याने पहिल्या अर्थाने घेतले असेल, तर त्याचीही. इंग्रजीत ‘फेअर चान्स’, ‘गुड रीझन टू बिलीव्ह’, ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ असे शब्दप्रयोग याच जातीचे आहेत. ते चुकीचे नसतात, कारण खोटे ठरण्याइतके निश्चित असे काही ते म्हणतच नाहीत.

म्हणूनच हे शब्द समितीला सोयीचे वाटतात. निरनिराळ्या विभागांच्या प्रतिनिधींना एका वाक्यावर आणायचे असेल आणि त्यांच्यात मुळात मतभेद असतील, तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे मतभेद उघड मांडणे. त्यात वेळ जातो, कोणाला तरी अल्पमतात बसावे लागते, आणि वरिष्ठ विचारतात की तुमचे नक्की काय ठरले आहे. दुसरा म्हणजे असा शब्द शोधणे, ज्यात प्रत्येकाला आपले मत सापडेल. मार्च १९५१ मध्ये कोणी जाणूनबुजून दुसरा मार्ग निवडला, असे केंट यांच्या लिखाणात नाही आणि तसा आरोप करण्याचे कारणही नाही. चर्चा ज्या क्षणी सर्वांना सुसह्य अशा शब्दापाशी आली, त्या क्षणी ती थांबली, एवढेच घडले असावे. मतभेद मिटल्यामुळे चर्चा थांबलेली नव्हती. मतभेद असल्याचे कोणाला दिसेनासे झाले, म्हणून ती थांबली. या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत मोठा दोष हा आहे, आणि तो वाचकाच्या गैरसमजापेक्षा जास्त गंभीर आहे. वाचकाचा गैरसमज एका प्रश्नाने दूर झाला. मंडळातला मतभेद मात्र त्या सहज गाठीत तो प्रश्न निघाला नसता तर कधीच उघड झाला नसता, आणि कोणता सदस्य कशाच्या आधारे ८० म्हणतो व दुसरा २० का म्हणतो, ही जी चर्चा खरोखर व्हायला हवी होती, ती झालीच नव्हती.

हल्ला झाला नाही. १९५१ उलटले, नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि युगोस्लाव्हिया यांच्यात लष्करी साहाय्याचा करार झाला, मार्च १९५३ मध्ये स्टालिन यांचे निधन झाले आणि तो धोका ओसरला. यावरून कोणाचा अंदाज बरोबर होता, हे मात्र ठरत नाही. ६५ विरुद्ध ३५ म्हणणाऱ्याने ३५ ची जागा न घडण्यासाठी ठेवलेलीच होती. एकेका घटनेवरून असे अंदाज तपासता येत नाहीत. अनेक अंदाज एकत्र घेऊन, ज्यांना ७० म्हटले होते त्यांतले खरोखर शेकडा सत्तरच्या आसपास घडले का, असे पाहावे लागते. आणि तशी तपासणी आकडा नोंदवला असेल तरच करता येते. ‘सीरियस पॉसिबिलिटी’ म्हटलेल्या शंभर गोष्टींपैकी किती घडायला हव्या होत्या, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही.

केंट यांनी या अनुभवातून दोन गोष्टी उभ्या केल्या. त्यांतली, कोणत्या शब्दाचा अर्थ किती टक्के हे ठरवून देणाऱ्या कोष्टकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. दुसरी तेवढी प्रसिद्ध नाही, पण मला ती अधिक मोलाची वाटते. आपल्या लेखाच्या आरंभी त्यांनी हवाई छायाचित्रावरून माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. तो अधिकारी ओळीने तीन तऱ्हेची विधाने करतो. या ठिकाणी नवा विमानतळ आहे आणि त्याची सर्वांत लांब धावपट्टी १०,००० फुटांची आहे, हे पहिले. हा जवळजवळ नक्कीच लष्करी विमानतळ आहे, हे दुसरे. धावपट्टी सहज वाढवता येईल अशी इथली जमीन आहे, आणि आज ना उद्या ते ती वाढवून या तळाचा आपल्या दूर पल्ल्याच्या विमानांसाठी उपयोग करतील असा संभव आहे, हे तिसरे. पहिले विधान जवळजवळ निर्विवाद वस्तुस्थितीचे आहे. दुसरे अशा गोष्टीविषयी आहे जी जगात कोणाला तरी निश्चित माहीत आहे, पण आपल्याला माहीत नाही; म्हणून आपण पुराव्यावरून ती ताडतो. तिसरे अशा गोष्टीविषयी आहे जी कदाचित त्या देशाच्या राज्यकर्त्यांनीही अजून ठरवलेली नाही, म्हणजे ती या घडीला कोणालाच माहीत नाही. तीनही विधाने एकाच आवाजात, एकाच आत्मविश्वासाने म्हटली, की ऐकणाऱ्याला ती एकाच पातळीवरची वाटतात. युगोस्लाव्हियाच्या वाक्यात हेच झाले होते. सैन्याची आणि प्रचाराची तयारी ही पहिल्या जातीची गोष्ट होती, हल्ला हा तिसऱ्या जातीचा अंदाज होता, आणि ‘दर्शवते’ या एका क्रियापदाने दोघांना थेट जोडून टाकले होते. मधे जो तर्क हवा होता, तो वाक्यात कुठेच नव्हता.

कोष्टकात केंट यांनी पूर्ण खात्री आणि पूर्ण अशक्यता यांच्यामध्ये पाच पायऱ्या मानल्या. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३ टक्के, त्यात सहाचा फरक इकडे-तिकडे. ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५, बाराचा फरक. ‘चान्सेस अबाउट ईव्हन’ म्हणजे ५०, दहाचा फरक. ‘प्रॉबेबली नॉट’ म्हणजे ३०, दहाचा फरक. आणि ‘ऑलमोस्ट सर्टन्ली नॉट’ म्हणजे ७, पाचाचा फरक. या मोजपट्टीवर १९५१ ची उत्तरे ठेवून पाहिली, तर स्वतः केंट यांचे ६५ ‘प्रॉबेबल’च्या खालच्या काठावर बसते आणि सर्वांत कमी सांगणाऱ्या सदस्याचे २० ‘प्रॉबेबली नॉट’च्या खालच्या काठावर. म्हणजे मंडळाला या पाचांतला एक शब्द निवडायची सक्ती असती, तर एकमत होणे अशक्य होते, आणि तेच हितावह झाले असते. कोष्टकात फटीही आहेत. १२ ते २० टक्के या भागासाठी त्यात शब्दच नाही. पण त्याचा उपयोग अचूकतेसाठी आहे त्याहून अधिक, माणसांना आपले मत बोलून दाखवायला लावण्यासाठी आहे. ‘पॉसिबल’ हा शब्द केंट यांनी मोजपट्टीच्या बाहेर ठेवला. ज्या गोष्टीला प्रमाणच देता येत नाही तिच्यासाठीच तो वापरावा आणि त्याला ‘सीरियस’सारखी शेपटे जोडू नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांना विरोध झाला. आकड्यांच्या बाजूच्यांना केंट गणिती म्हणत आणि विरोधकांना कवी. कवींचे म्हणणे असे, की मुळात जे ज्ञान मोजता येत नाही त्याला टक्के चिकटवले तर वाचकाला खोट्या अचूकतेचा भास होईल, आणि भाषेतल्या छटांमधून जे सांगता येते ते नष्ट होईल. हा आक्षेप हलका नाही. पण छटा ज्याच्यासाठी आहेत त्या वाचकापर्यंत त्या पोचतात का, हे तपासता येते, आणि ते तपासले गेले आहे. सत्तरच्या दशकातल्या एका चाचणीत नाटोच्या २३ लष्करी अधिकाऱ्यांना अहवालात वापरली जाणारी वाक्ये देऊन प्रत्येकाचे टक्के विचारले होते. ‘बेटर दॅन ईव्हन’ म्हणजे पन्नासाच्या वर, यावर एक अधिकारी वगळता सगळ्यांचे जमले. इतर शब्दप्रयोगांची उत्तरे दूरदूरवर विखुरली. लक्षात घेण्यासारखे हे, की ज्या शब्दांत आकडा आधीच लपलेला होता, तेच सर्वांना सारखे कळले.

केंट यांचे कोष्टक त्यांच्या कारकिर्दीत नियम म्हणून रुजले नाही. त्याची किंमत अनेक वर्षांनी इराकच्या बाबतीत दिसली, आणि या वेळी दोष वेगळ्या ठिकाणी उद्भवला. ऑक्टोबर २००२ च्या इराकविषयक राष्ट्रीय अंदाजात ‘वुई जज’ आणि ‘वुई असेस’ असे शब्द होते. इराकने महासंहारक अस्त्रांचे कार्यक्रम चालू ठेवले आहेत असे आमचे अनुमान आहे, अशी ती मांडणी होती. त्याच महिन्यात लोकांसाठी जी आवृत्ती काढली गेली, तिच्यात अनेक ठिकाणी हे दोन शब्द गाळले गेले आणि उरले ते सरळ विधान : इराकने कार्यक्रम चालू ठेवले आहेत. अनुमानाची खूण पुसली की अनुमान वस्तुस्थिती होऊन बसते. अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने जुलै २००४ च्या अहवालात या गाळण्यावर बोट ठेवले, आणि मूळ अंदाजातले बहुतेक प्रमुख निष्कर्षही हाती असलेल्या माहितीपेक्षा फुगवलेले किंवा तिचा आधार नसलेले होते, असा निर्वाळा दिला.

त्याच जुलैमध्ये ब्रिटनमध्ये, इराकच्या अस्त्रांविषयीच्या गुप्तवार्तेची तपासणी करणाऱ्या लॉर्ड बटलर यांच्या समितीचा अहवाल आला. त्यातली एक नोंद १९५१ च्या प्रकरणाला थेट जाऊन भिडते. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या अहवालांचे काही वाचक असे समजत होते, की माहिती ‘इंडिकेट्स’, ‘डेमॉन्स्ट्रेट्स’ आणि ‘शोज’ या तीन क्रियापदांत, तसेच ‘वुई असेस’, ‘वुई जज’ आणि ‘वुई बिलीव्ह’ यांत, लेखकांनी मुद्दाम राखलेला महत्त्वाचा फरक आहे. बटलर समितीला मात्र असे सांगण्यात आले, की असा कोणताही ठरलेला शब्दकोश नाही. मसुदा लिहिणारे आपली नेहमीची स्वाभाविक भाषाच वापरतात. वाचक एकेका क्रियापदातून पुराव्याचे वजन काढत बसले होते, आणि लेखक बहुधा शब्दांची पुनरुक्ती टाळत होते. इंग्रजी गद्यात एकच क्रियापद पुन्हापुन्हा वापरणे बेढब मानले जाते. शाळेपासून तशी सवय लावली जाते. ललित लेखनात या सवयीने काही बिघडत नाही, पण पुराव्याच्या भाषेत ती घातक ठरते, कारण शब्द बदलला की अर्थही बदलला असे समजण्याचा वाचकाला पूर्ण हक्क असतो.

त्यानंतर नियम झाले. अमेरिकी गुप्तवार्ता खात्यांनी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये विश्लेषणाची मानके ठरवली. २०१५ च्या मानकांत ‘लाइकली’ म्हणजे ५५ ते ८० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ८० ते ९५ टक्के असे बांधून दिले आहे. शिवाय घटना घडण्याचा संभव आणि त्या अनुमानावर लेखकाचा असलेला विश्वास या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळू नयेत, असाही दंडक आहे. हा दंडक मला विशेष महत्त्वाचा वाटतो. हल्ल्याचा संभव ३० टक्के आहे असे भक्कम पुराव्यावरूनही म्हणता येते आणि तुटपुंज्या पुराव्यावरूनही. निर्णय घेणाऱ्यासाठी ही दोन वेगळी परिस्थिती असते. पहिल्या वेळी त्याने ठरवून मोकळे व्हावे, दुसऱ्या वेळी आणखी माहिती येईपर्यंत थांबता आले तर थांबावे.

पण एका संस्थेपुरता शब्द बांधला म्हणून तो भाषेत बांधला जात नाही. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ ६६ टक्क्यांपासून सुरू होतो. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांच्या सूचीत तोच शब्द २५ ते ५० टक्क्यांसाठी आहे, आणि पन्नासाच्या वर गेले की ‘व्हेरी लाइकली’ म्हणायचे. मुंबईत किंवा रत्नागिरीत ‘हेवी रेनफॉल लाइकली’ अशी सूचना वाचणारा माणूस, जगाच्या हवामानाविषयीचा अहवालही वाचत असेल, तर त्याने एकाच शब्दाचे दोन अर्थ डोक्यात बाळगायला हवेत, आणि ते अर्थ एकमेकांना कुठेच स्पर्श करत नाहीत. पत्रकाखालची सूची पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बुडेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानबदलाच्या अहवालातली वाक्ये सामान्य वाचकांना देऊन पाहिली, तेव्हा असे दिसले की कोष्टक उपलब्ध असूनही लोक टोकाचे शब्द पन्नासाकडे ओढून वाचतात. आकडा कोष्टकात न ठेवता वाक्यातच, शब्दाच्या शेजारी लिहिला की समज सुधारते. केंट यांनी ज्यावर एवढे श्रम घेतले, त्या कोष्टकाची मर्यादा इथे दिसते : कोष्टक लेखकांना शिस्त लावते, वाचकापर्यंत मात्र आकडाच पोचवावा लागतो.

युगोस्लाव्हियाच्या वाक्याला ही कसोटी लावली तर ते कसे व्हायला हवे होते? तयारीची माहिती एका वाक्यात, तिच्या स्रोतासह. त्या तयारीचे हल्ल्याखेरीज दुसरे कोणते अर्थ संभवतात, ते पुढच्या वाक्यात. टिटोंना नुसते दबावात ठेवणे, हा त्यांतला एक असता. मग हल्ल्याचा संभव आकड्यात, आणि मंडळात त्याविषयी २० पासून ८० पर्यंत मते आहेत, ही गोष्ट न लपवता. असे लिहिलेले पान वरिष्ठांना आवडले नसते, आणि त्यांनी पहिला प्रश्न मतांतल्या अंतराविषयी केला असता.

तो प्रश्न पुढे एकदा खरोखर विचारला गेला. २०११ च्या वसंतात, अबोटाबादच्या घरात ओसामा बिन लादेन आहे का, यावर अध्यक्ष ओबामांपुढे विश्लेषकांनी आकडे ठेवले. कोणी ४० टक्क्यांच्या आसपास होते, कोणी ९५ टक्क्यांपर्यंत. पुरावा सर्वांसमोर एकच होता. ओबामांनी विचारले की एवढा फरक का पडतो. सीआयएचे उपसंचालक मायकेल मॉरेल यांनी दिलेले उत्तर असे होते, की वरचा आकडा सांगणारे दहशतवादविरोधी विभागातले आहेत आणि अलीकडे त्यांना सतत यश मिळालेले आहे; खालचा आकडा सांगणाऱ्यांनी इराकच्या अस्त्रांविषयीचे अपयश भोगलेले आहे. इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचा परिस्थितिजन्य पुरावा या घराविषयीच्या पुराव्यापेक्षा जास्त भक्कम होता, हेही त्यांनी सांगितले. ओबामांनी नंतर मुलाखतीत आपल्या मनातले प्रमाण ५५ विरुद्ध ४५ असल्याचे म्हटले, आणि तेवढ्यावर मोहिमेला संमती दिली.